हाताचे मोल

माणसाच्या हाताची किंमत ठरवता येते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथात विचारला गेला तर 'नाही' असे उत्तर चटकन देता येते. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते, किंमत नसते, हे कांटने अठराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. परंतु हाच प्रश्न कारखान्याच्या दारात उभा राहिला म्हणजे ते उदात्त उत्तर क्रूर ठरते. कारण किंमत ठरत नाही म्हणून काहीच द्यावयाचे नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

चेन्नईच्या पश्चिम अंगाचे अंबत्तूर हे कारखान्यांचे गाव. तेव्हाच्या मद्रास राज्याने १९६४ मध्ये येथे औद्योगिक वसाहत उभारली आणि मोटारींचे सुटे भाग घडवणाऱ्या छोट्या कारखान्यांची तेथे दाटी झाली. अशा कारखान्यांतून पॉवर प्रेस हे नित्याचे यंत्र. कामगार हाताने पत्रा डायखाली सरकवतो, पायाने पेडल दाबतो आणि वरचा जड ठोकळा खाली येतो. हातापायांच्या तालात क्षणाचे अंतर पडले की बोट जाते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावाचून यंत्र चालूच नये, अशी सोय करता येते. पण तिने कामाचा वेग मंदावतो.

गेलेल्या बोटाचा हिशेब कायद्याने मांडून ठेवला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर्जनी गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२ आणि करंगळी गेल्यास ७ टक्के धरली होती. पंचवीस वर्षांच्या, महिना पंधरा हजार रुपये वेतनाच्या कामगाराचा अंगठा गेला, तर वेतनाचे ६० टक्के, वयाचा गुणक २१६.९१ आणि हानीचे ३० टक्के यांचा गुणाकार करून ५,८५,६५७ रुपये येत. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला एकरकमी भरपाईऐवजी हानीच्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि हे कायदे तीत सामावले. सांगाडा मात्र मुख्यतः तोच राहिला.

हे कोष्टक वाचताना मन विटते. तरीही ते कोणत्या अवस्थेनंतर आले, हे ध्यानात घेतले पाहिजे. मालकाचा निष्काळजीपणा शाबीत केल्यावाचून पूर्वी जखमी मजुराला न्यायालयाकडून काही मिळत नसे, आणि तो शाबीत करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी. त्याच वर्षी जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. येथे मात्र कायदा अमलात यायला १९२४ उजाडावे लागले.

या कायद्याने नैतिक विचारात एक मोठी गोष्ट केली. जबाबदारी आणि दोष या जुळ्या कल्पना त्याने विलग केल्या. मालक दुष्ट नसेल, बेफिकीरही नसेल. तरी ज्याच्या लाभासाठी यंत्र चालते त्याने त्या यंत्राच्या घावाचाही भार वाहिला पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले. पण दाराबाहेर काढलेला दोष खिडकीतून परत आला. कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून दूर केले असेल, तर मृत्यू व कायमचे पूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारता येते. आता, नगांची संख्या पुरी झाल्याखेरीज ज्याची मजुरी पुरी होत नाही, त्याने गार्ड बाजूला सारला तर ती इच्छा नेमकी कोणाची? हाताने गार्ड हलवला, परंतु त्या हाताला घाई कोणी लावली, हे विचारल्याशिवाय 'जाणूनबुजून' या शब्दाचा अर्थ लागत नाही.

दुसरा धोका करुणेच्या रूपाने येतो. लहान कारखान्यात मालक आणि मजूर एकमेकांना ओळखतात. बोटे गेलेल्या माणसाला मालक दवाखान्यात नेतो, हाती काही पैसे ठेवतो, पहारेकऱ्याचे काम देतो. हे चांगुलपणाचे खरेच. पण त्या बदल्यात कोऱ्या कागदावर अंगठा मागितला गेला तर चांगुलपणा हक्काचा गळा घोटतो. म्हणूनच भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला होता. गरजू माणसाची संमती किती स्वस्त असते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

हक्क आकड्यांत मावतो काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या एका निकालात सापडते. ओरिसातील एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे ती हानी अंशतःच, असे मालकाचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही : एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या सुताराची हानी संपूर्ण आहे. कोष्टकाला हात ठाऊक असतो; हात कोणाचा, हे न्यायाने पाहावयाचे असते. शिवाय भरपाई अधिकाऱ्याच्या निर्णयाच्या दिवशी नव्हे, तर अपघाताच्याच दिवशी देय होते, असेही त्या निकालात म्हटले आहे.

या शेवटच्या वाक्यात सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. जे इजेच्या क्षणीच देणे लागते ते किंमत नव्हे, ते ऋण होय. किंमत मोजणाऱ्याला वस्तूवर मालकी मिळते. ऋण फेडणाऱ्याला काहीच मिळत नाही, तो फक्त देणेकरी राहत नाही. भरपाईला किंमत समजणारा कारखानदार बोटांचा खर्च पत्र्याच्या खर्चाशेजारी मांडील आणि दोन बटणांची सोय महाग म्हणून टाळील. तिला ऋण समजणारा ते पुन्हा अंगावर येऊ नये म्हणून आधी यंत्र दुरुस्त करील. रक्कम दोघांचीही एकच असेल. अंबत्तूरच्या यंत्रापुढे उद्या बसणाऱ्या पोराचा हात मात्र या फरकावर अवलंबून राहील.