निळी गोळी गटारात आणि पावडरचा डबा दप्तरात

पुस्तकं मिटा. आज धडा पुढे जाणार नाही. मागच्या बाकांनीसुद्धा मान वर करून ऐकायचं आहे.

तुमच्यातल्या काही जणांनी वर्गणी काढून प्रोटीन पावडरचा डबा आणला आणि घरी सांगितलं, क्लासची फी आहे. मुलींच्या बाकांवरून केस वाढवणाऱ्या बायोटिनच्या गोड गोळ्या फिरतात. आणि याच वर्गाच्या खिडकीखाली, गटाराच्या कडेला, शाळेत फुकट वाटलेल्या लोहाच्या निळ्या गोळ्या पडलेल्या सापडतात. डब्याचा मला राग आलाच, पण त्या निळ्या गोळ्यांचा जास्त आला. ज्याची गरज नाही त्यासाठी आईबापांशी खोटं बोलता, आणि ज्याची खरोखर गरज आहे ते खिडकीतून भिरकावून देता. अकरावी सायन्सची मुलं ना तुम्ही?

वही काढा आणि गणित मांडा. साठ किलो वजनाच्या, तुमच्या वयाच्या मुलाला दिवसाला 50 ते 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या दोन-तीन भाकरींतून पंधरा ग्रॅम. दोन अंडी, बारा. दोन पेले दूध, बारा-तेरा. वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, सात. मूठभर शेंगदाणे, सात. करा बेरीज. झाली ना? हे घरचं जेवण आहे, कुठल्या पहिलवानाचा खुराक नव्हे. अंडं न खाणाऱ्यांनी उसळ आणि दही वाढवावं, सोयाबीन खावं. वरून घेतलेली जास्तीची प्रथिनं शरीर साठवून ठेवत नाही. त्यातल्या नायट्रोजनचा युरिया होतो, तो मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि उरलेल्या भागाची ऊर्जा किंवा चरबी होते. विटांचा ढीग रचला म्हणून भिंत उभी राहत नाही. स्नायू कष्टानं, व्यायामानं आणि झोपेनं वाढतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तुम्ही मात्र जिमच्या ट्रेनरचा शब्द प्रमाण मानता, आणि बरेचदा तोच ती पावडर विकत असतो.

घरी एवढं कुठे असतं, असं कुणी तरी पुटपुटलं. ऐकलं मी. तुमचा डबा अडीच-तीन हजारांचा. तेवढ्या पैशांत चार माणसांच्या घरात महिनाभर प्रत्येकाला रोज दोन अंडी मिळाली असती. आईलासुद्धा, जी तुमच्या सगळ्यांच्या पाठीमागून जेवते.

आता ते नेहमीचं वाक्य: 'मॅडम, व्हिटॅमिनच तर आहे, फायदा नाही झाला तरी तोटा काय?' हे वाक्य माझ्या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. बीटा-कॅरोटिननं, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यानं, फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. गाजरं आणि पालेभाज्या खाणाऱ्यांत तो कमी दिसत होता, मग तेच द्रव्य गोळीतून दिलं. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत कर्करोग कमी नव्हता, उलट अठरा टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतला तसाच प्रयोग 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. भाजीत ते द्रव्य तंतूंबरोबर, इतर शेकडो घटकांबरोबर, थोड्या मात्रेत येतं. गोळीत ते एकटं येतं आणि भरमसाट येतं. भाजीचं काम गोळी करेल हे त्या शास्त्रज्ञांनी गृहीत धरलं नाही, तपासून पाहिलं. तुम्ही तर तपासतही नाही.

अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक देतात. ती कुणी रोज घेत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आणि मुलींनो, तुमचं ते बायोटिन जास्त मात्रेत घेतलं तर थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्या चुकीचं उत्तर देतात. केस गळतात म्हणून गोळी घेता, पण तुमच्या वयात केस गळण्यामागे अनेकदा रक्तातलं लोह कमी असतं, ते बघायला नको?

म्हणजे सगळ्याच गोळ्या वाईट, असा सोयीचा अर्थ काढू नका. बी-12 वनस्पतींत मिळत नाही. घरात मांस, मासे, अंडी नाहीत आणि दूधही बेताचं असेल, तर ते कमी पडणारच. हातापायांना मुंग्या येत असतील, सतत थकवा असेल, तर डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा आणि सांगितलेलं औषध सांगितले तितके दिवस घ्या. गरोदर बाईला लोह आणि फोलिक आम्ल लागतंच. तिथे 'आमच्या आजीनं कधी गोळ्या घेतल्या नाहीत' हे उत्तर चालणार नाही.

आणि तुम्हाला लागतं लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21: देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे, मुलांपैकी 31 टक्क्यांना. मुलांनो, दंड मोजता तसं हिमोग्लोबिनही मोजा. आपल्या जेवणात धान्य जास्त, आणि धान्यातलं, पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं. मुलींचं दर महिन्याला रक्त जातं. म्हणून त्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं, आठवड्यातून एकदा. ती फुकट मिळते म्हणून हलकी समजता का? पोटात मळमळतं, हे खरं आहे, पण ती रिकाम्या पोटी घेतल्यानं जास्त होतं. शौच काळपट होते, त्याला घाबरायचं कारण नाही. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. जेवणात लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा, त्यानं उलट मदत होते.

तो डबा ज्याच्या दप्तरात आहे त्यानं आज घरी खरं काय ते सांगायचं. उद्या सगळ्यांनी जेवणाचा डबा आणायचा, बिस्किटांचा पुडा नव्हे. मधल्या सुट्टीत पोटभर जेवायचं आणि मग निळी गोळी माझ्यासमोर घ्यायची. कुणाला आजार असेल, दुसरं औषध चालू असेल, त्यानं आधी येऊन मला सांगावं.