मागील पगार काय होता?

रोह्याजवळ धाटाव येथें औद्योगिक वसाहत झाल्यापासून कोलाडच्या आसपासच्या गांवांत ‘मुलाखत’ हा शब्द घरोघर ठाऊक झाला आहे. त्या मुलाखतींतील एका प्रश्नाविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे: मागील ठिकाणीं पगार किती होता, व आतां अपेक्षा किती?

पुष्कळ भाविक घरांतूनहि मुलास सल्ला मिळतो कीं, दोनतीन हजार वाढवून सांग, सर्वच सांगतात. दुसऱ्या घरीं उलट शिकवण: पैशाची गोष्ट आपण काढूं नये, तो लोभ होय. आमच्या मतें दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

याकोबास लाबानानें आपण होऊन विचारलें कीं, तुझें वेतन काय असावें. याकोबानें तें स्पष्ट सांगितलें. त्याबद्दल शास्त्र त्यास दोष देत नाहीं. पुढें तें वेतन वारंवार बदलणारा लाबानच होता. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांतहि पहाटेच्या मजुरांशीं धनी आधीं मजुरी ठरवितो, मगच त्यांस कामास धाडतो.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. ज्यास ठेकेदाराकडे थोडक्या पैशांत राबावें लागलें, त्यानें खरा आंकडा सांगितला तर नवा धनी त्यावर थोडें चढवून मोकळा होतो. जुना अन्याय नव्या नोकरींत मागोमाग येतो. खोटें सांगणाऱ्या शेजाऱ्यास मात्र अधिक मिळतें. हें आम्ही नाकारीत नाहीं. पगाराची पावती मागितली कीं असत्य उघडें पडतें, पण तें उघडें न पडलें तरी असत्यच. तथापि खोटें सांगणें आणि न सांगणें ह्यांत भेद आहे. ‘मागील पगार ह्या कामाचें माप नव्हे, ह्या कामास आपण काय देतां?’ असें नम्रपणें विचारण्यांत पाप नाहीं. हातीं किती येणार, भविष्यनिर्वाह निधीचे किती कापले जाणार, जादा तासांचें काय, हेंहि तेव्हांच विचारून घ्यावें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१६ सालीं कायदा करून, नोकरी देऊं करण्यापूर्वीं उमेदवारास मागील पगार विचारण्याची मनाई केली. तो २०१८ पासून लागू झाला. (त्याच राज्यांतील संस्थेनें धाडलेले गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस आले होते.) आपल्याकडे तशी मनाई नाहीं, म्हणून आमचें बोलणें धन्यांकडेहि वळतें. ज्यांचें दुकान वा खानावळ आहे, किंवा जे कुंडलिकेवर पर्यटकांच्या नौकांसाठीं माणसें ठेवितात, त्यांतील कोणी समोरच्याची गरज जोखण्यासाठींच हा प्रश्न विचारीत असेल, तर त्यानें आधीं आपली वही उघडावी, आणि त्याच कामास दुसऱ्या गड्यास आपण काय देतों तें पाहावें.