राखलेली शांतता आणि उरलेली शांतता

जपानच्या नोतो द्वीपकल्पात शिरणारी रेल्वे आता अनामिझूला संपते. तिथून वाजिमाला जाणारा फाटा 2001 मध्ये बंद झाला आणि सुझुमार्गे ताकोजिमापर्यंत जाणारा 2005 मध्ये. पुढे जायचे तर बस किंवा मोटार. रस्ता किनारा धरून चालतो. एका अंगाला जपानचा समुद्र, दुसऱ्या अंगाला चकचकीत काळ्या कौलांची घरे, आणि जिथे जिथे डोंगर थोडा मागे सरला आहे तिथे भातशेती. काही वाड्यांभोवती हिवाळी वारा अडवण्यासाठी पुरुषभर उंचीहून मोठी बांबूची कुंपणे उभी असतात. दुकाने थोडी, वाहने तुरळक, आणि भेटणारी माणसे बहुतेक वयस्कर.

इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण शांततेचे कौतुक करून परततो, आणि ते कौतुक मनापासूनच असते. पण या शांततेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक शांतता माणसांनी वर्षानुवर्षे खपून राखली आहे. दुसरी माणसे निघून गेल्यामुळे मागे उरली आहे. गाडीच्या खिडकीतून दोन्ही सारख्याच सुंदर दिसतात. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपानंतर मात्र या दोहोंतला फरक ओळखणे हा नोतोच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला आहे, कारण द्वीपकल्प पुन्हा उभे करायचे की नाही आणि कितपत, हे आता कागदावर ठरते आहे.

राखलेली शांतता कशी असते हे पाहायला वाजिमाच्या पूर्वेला शिरोयोनेला जावे. इथला डोंगरउतार थेट समुद्रात उतरतो आणि त्यावर भाताचे 1004 कुणगे आहेत. सगळ्यांचे मिळून क्षेत्र जेमतेम 4 हेक्टर. मोठे यंत्र आत शिरूच शकत नाही. लावणी कमरेत वाकून हाताने, कापणी विळ्याने. दर वसंतात बांध चिखलाने नव्याने लिंपावे लागतात. एखाद्या वर्षी हे काम चुकले तर बांध तडकतो, उंदीर-खेकड्यांची बिळे मोठी होतात आणि कुणग्यातले पाणी खालच्या मातीत झिरपू लागते. आधीच घसरणीचा असलेला उतार आतून ओला झाला की तो सुटतो. म्हणजे इथे भात पिकवणे आणि डोंगर जागेवर ठेवणे ही दोन कामे नाहीत. ती एकाच हाताने, एकाच दिवशी होतात.

या उताराचा इतिहासही तेच सांगतो. 1684 मध्ये इथे मोठी दरड कोसळली आणि शेते तिच्यासोबत गेली. आज जे कुणगे छायाचित्रांत झळकतात ते त्या पडझडीनंतर पिढ्यान्‌पिढ्या राबून पुन्हा रचलेले आहेत. 2001 मध्ये जपान सरकारने या जागेला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा दिला. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नोतो आणि सादो बेट यांना जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतले. विकसित देशांतली ही पहिलीच नोंद. निसर्गरम्य म्हणून गौरवलेल्या या उतारावर माणसाचा हात लागला नाही अशी वीतभर जागा शोधूनही सापडत नाही.

सुझुच्या किनाऱ्यावरची मिठागरेही अशीच. नोतोतली जुनी पद्धत भरतीचे पाणी आत घेण्याची नाही. समुद्राचे पाणी बादल्यांनी वर वाहून आणायचे आणि सपाट केलेल्या वाळूच्या अंगणावर लाकडी बुधल्यातून हाताने उडवायचे. पाण्याची पातळ चादर सगळीकडे सारखी पडली पाहिजे. कुठे डबके साचले तर वाळू नीट वाळत नाही. हा एक झटका अंगवळणी पडायला वर्षे जातात. ऊन लागून वाळू सुकली की ती दाताळ्याने ओढून मधल्या लाकडी खोक्यात भरतात आणि तिच्यातून पुन्हा समुद्राचे पाणी सोडतात. खाली गळते ते दाट खारे पाणी. ते मोठ्या कढईत लाकडाच्या जाळावर आटवायचे, गाळायचे, पुन्हा रात्रभर आटवायचे.

नोतोवर राज्य करणाऱ्या कागा संस्थानाच्या काळात इथल्या मिठागरवाल्यांना आगाऊ तांदूळ मिळे आणि त्याची फेड मिठात करावी लागे. शेतजमीन कमी असलेल्या किनाऱ्याला या व्यवहाराने जगवले. 1905 पासून 1997 पर्यंत जपानात मिठावर सरकारी मक्तेदारी होती. त्या काळात इतरत्र ही पद्धत मोडीत निघाली. सुझुत ती अगदी थोड्या हातांनी टिकवली. 2008 मध्ये ती राष्ट्रीय लोकसांस्कृतिक वारसा ठरली.

शेत आणि घर यांचे नाते इथे किती जवळचे आहे ते 'आएनोकोतो' या विधीत दिसते. 5 डिसेंबरला घरधनी ठेवणीतला पोशाख करून शेतावर जातो आणि भाताच्या देवाला घरी यायची विनंती करतो. देव दिसत नाही, पण त्याच्याशी मोठ्याने बोलायचे असते. भाताच्या लोंब्यांनी त्याची दृष्टी अधू झाली आहे अशी समजूत आहे. म्हणून उंबरठा आला, पायरी आली, हे यजमान पावलोपावली सांगतो. देवाला आधी आंघोळीला नेतात, मग नैवेद्याच्या पाटापुढे बसवून ताटात काय काय वाढले आहे तेही एकेक करून सांगतात. हिवाळाभर देव घरात राहतो आणि 9 फेब्रुवारीला त्याला पुन्हा शेताकडे पोचवतात. युनेस्कोने 2009 मध्ये या विधीची नोंद घेतली. या विधीला पुजारी लागत नाही, देऊळ लागत नाही. पिकते शेत लागते आणि रात्री दिवा लागणारे घर लागते. यांपैकी एक जरी नसेल तर विधी संग्रहालयात दाखवता येतो, पण करता येत नाही.

आणि नेमके तेच कमी होत चालले आहे. 1950 च्या दशकात सुझुची लोकसंख्या 38 हजारांच्या आसपास होती. 2020 च्या जनगणनेत ती 13 हजारांच्याही खाली गेली आणि रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक जण 65 वर्षांपुढचे निघाले. हे एकट्या सुझुचे दुखणे नाही. माजी मंत्री हिरोया मासुदा यांच्या अध्यक्षतेखालील गटाने 2014 मध्ये जपानमधल्या 896 नगरपालिका पुढे नाहीशा होण्याचा धोका असल्याचे सांगितले होते. शेतीवर मुख्य उदरनिर्वाह असणाऱ्यांचे सरासरी वय 2024 मध्ये 69 च्या घरात होते. 2023 च्या पाहणीत देशभरात सुमारे 90 लाख घरे रिकामी आढळली. या घसरणीत धोरणाचाही वाटा आहे. भाताचे क्षेत्र आवरते ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम 1970 पासून जवळपास अर्धे शतक चालला. शेत पडीक ठेवायला सांगितले जात असताना मुलाने गावात का थांबावे, याचे उत्तर आईवडिलांकडेही नव्हते.

तरीही हा भाग निमूट ओसरत गेला असे मानणे चूक ठरेल. सुझुत अणुवीज प्रकल्प आणण्याची योजना 1970 च्या दशकात पुढे आली. तीन वीज कंपन्यांना ताकाया आणि जिके या किनारी वस्त्यांची जागा हवी होती. पैसा येणार होता, रोजगार येणार होता, आणि ओसरत्या शहराला दोन्हींची गरज होती. शहर दुभंगले, नातेवाइकांत, शेजाऱ्यांत अबोला आला. 1989 मध्ये विरोधकांनी महापालिकेच्या इमारतीत ठाण मांडले. अखेर डिसेंबर 2003 मध्ये योजना गोठवण्यात आली. वीस वर्षांनी जो भूकंप झाला त्याचे केंद्र या परिसराच्या जवळच होते. ताकायाकडे जाणारे रस्ते तुटले, वस्ती एकाकी पडली. तिथे अणुभट्टी असती तर लोकांना बाहेर काढायला वाट कुठली होती, हा प्रश्न त्यानंतर जपानभर विचारला गेला. किनाऱ्याला राहणाऱ्या, शेती आणि मासेमारी करणाऱ्या साध्या माणसांनी तो धोका पंचवीसेक वर्षे दूर ठेवला होता. एखादी जागा ओळखणारी माणसे तिथे राहत असणे, याचा देशाला काय उपयोग असतो, ते इथे स्पष्ट दिसते.

भूकंप 7.6 तीव्रतेचा होता आणि नववर्षाच्या दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी झाला. सणासाठी घरी आलेली मुले-नातवंडेही त्यात सापडली. प्रत्यक्ष भूकंपात 228 माणसे गेली; पुढच्या महिन्यांत थंडी, विस्थापन आणि आजारपण यांनी त्याहून अधिक बळी घेतले. वाजिमाच्या प्रसिद्ध सकाळच्या बाजाराचा परिसर आगीत भस्मसात झाला. किनारा काही ठिकाणी सुमारे 4 मीटर वर उचलला गेला. बंदरांतले पाणी हटले, मिठागरांपासून समुद्र लांब गेला. शिरोयोनेच्या कुणग्यांना भेगा पडल्या, पाण्याची वाट मोडली. तरी त्या वसंतात गावकऱ्यांनी आणि मदतीला आलेल्यांनी सुमारे 120 कुणग्यांत लावणी केली. 21 सप्टेंबरला ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. नद्या फुटल्या, दरडी आल्या आणि भूकंपग्रस्तांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या घरांतही पाणी शिरले.

याच वर्षी, एप्रिलमध्ये, जपानच्या अर्थमंत्रालयाच्या सल्लागार मंडळाने एक मुद्दा मांडला होता. लोकसंख्या घटत असताना रस्ते, पाणी, सांडपाणी जसेच्या तसे पुन्हा उभारावे का. त्यापेक्षा विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणण्याचा विचार व्हावा. नोतो ज्यात मोडते त्या इशिकावा प्रांताच्या राज्यपालांनी त्यावर उघड नाराजी दाखवली. पण हा मुद्दा निर्दयपणाचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. देशावर कर्जाचा मोठा डोंगर आहे. ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईला दरडीखालच्या घरात परत पाठवणे हे तिच्या भल्याचे असेलच असे नाही. दवाखान्याजवळ, शेजाराजवळ राहायला मिळावे असे अनेक वृद्धांनाच वाटते. प्रत्येक वाडी परत उभी राहणार नाही, हे नोतोतली माणसेही जाणतात.

चूक आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. त्यात वस्ती म्हणजे घरांची संख्या आणि त्या घरांपर्यंत सेवा पोचवण्याचा खर्च. ती वस्ती काय काम करते याला रकानाच नाही. बांध लिंपला जातो म्हणून उतार टिकतो, पाट साफ होतो म्हणून पावसाळ्यात पाणी ठरल्या वाटेने जाते, जंगलाची कड छाटली जाते म्हणून रानडुकरे शेतात घुसत नाहीत: ही सगळी सार्वजनिक बांधकामेच आहेत, फक्त आजवर ती निविदेशिवाय आणि पगाराशिवाय होत आली. माणसे हलवली की हा खर्च संपत नाही. तो दरडीच्या, पुराच्या आणि बंद रस्त्यांच्या रूपाने सरकारी तिजोरीवरच येतो. म्हणून एखादी वस्ती हलवायची की राखायची हे ठरवताना तिथल्या शेतीला डोंगर आणि पाणी सांभाळण्याचे काम मानून त्याचे पैसे आधी हिशेबात धरायला हवेत. आणि निर्णय त्या वस्तीतल्या लोकांनी, एकत्र बसून, घ्यायला हवा. कोबेच्या 1995 च्या भूकंपानंतर लोकांना सोडतीने वेगवेगळ्या तात्पुरत्या घरांत विखुरले तेव्हा एकाकी मृत्यूंचा प्रश्न उभा राहिला होता. जपानला हा धडा नवा नाही.

बाहेरून येणाऱ्याची जागा इथेच ठरते. नोतोत उन्हाळा आणि शरदात 'किरिको' नावाचे भले उंच कंदील खांद्यावर घेऊन मिरवणुका निघतात. नववर्षाला आला नाहीस तरी चालेल, पण उत्सवाला ये, असे शहरात गेलेल्या मुलांना इथे सांगितले जाते. खांदे कमी पडू लागल्याने काही गावांनी किरिकोला चाके लावली, काहींनी मिरवणूकच थांबवली. तरी भूकंपाच्या वर्षीही, जुलै 2024 मध्ये, उशित्सूचा आबारे उत्सव झाला. घरे मोडली होती; कंदील उचलायला माणसे आली. शिरोयोनेने 2007 पासून वेगळी वाट काढली आहे: शहरातले लोक वर्षासाठी एकेका कुणग्याचे मालक होतात, पैसे भरतात, लावणी-कापणीला येतात आणि तांदूळ घेऊन जातात. त्यांतले बहुतेक कधीच नोतोत राहायला येणार नाहीत. तरीही पाहुणा आणि रहिवासी यांच्यामधले एक नाते त्यातून तयार झाले आहे. जून 2024 मध्ये इशिकावाने स्वीकारलेल्या पुनर्बांधणी आराखड्यातही बाहेर राहून असे नाते राखणाऱ्यांची संख्या वाढवण्यावर भर आहे.

या मार्गालाही मर्यादा आहे आणि ती लपवू नये. वर्षातून दोन दिवस येणारा मालक जुलैच्या उकाड्यात तण काढायला येत नाही; रात्री बांध फुटला तर धावत जाणारा गावातलाच असावा लागतो. हिवाळ्यात कुणग्यांच्या कडेने हजारो सौरदिवे उजळतात, ते पाहायला गर्दी होते, पण दिव्यांनी बांध लिंपला जात नाही. पाहुण्यांच्या पैशातून आणि हातांतून दहा-वीस स्थानिक तरुणांचा वर्षभराचा पगार उभा राहणार असेल तरच या सगळ्याला अर्थ आहे.

2025 मध्ये जपानच्या दुकानांत 5 किलो तांदळाची किंमत 4 हजार येनांपलीकडे गेली, वर्षभरात जवळपास दुप्पट झाली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने उत्पादन वाढवण्याकडे वळत असल्याचे जाहीर केले. अर्ध्या शतकाचे धोरण त्या घोषणेपुरते तरी उलटे फिरले. शिरोयोनेचे 4 हेक्टर देशाचे पोट भरणार नाहीत, त्यासाठी मोठ्या सपाट शेतांकडेच पाहावे लागेल. पण उतारावरचे भात कसे लावावे, पाट कुठून फिरवावा, कोणता बांध कोणत्या पावसात दगा देतो, हे माहीत असलेली पिढी सत्तरीत आहे आणि तिच्यातले अनेक जण आज तात्पुरत्या घरांत आहेत. त्यांच्या शेजारी बसून शिकणाऱ्या तरुणांच्या पगाराची तरतूद आराखड्यात रस्त्यांच्या आधी व्हायला हवी, कारण रस्ता दहा वर्षांनीही बांधता येईल.