राखीव जागा आणि ग्रामसभेचा उमेदवार

सातपुड्यातील मोलगीच्या परिसरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली म्हणजे सरपंचपदासाठी उभे राहणारे सर्वच उमेदवार आदिवासी असतात. कारण १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींची प्रमुखपदे अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवली आहेत आणि सदस्यांच्या जागांतही त्यांचा वाटा निम्म्याहून कमी असू नये असा दंडक घातला आहे. या तरतुदीचे मोल मी तिळमात्र कमी लेखीत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जंगलखात्याचा गार्ड, सावकार आणि मामलेदार यांच्यापुढे हात जोडून उभे राहावे लागले, त्या समाजातील स्त्रीपुरुषांनी पंचायतीच्या खुर्चीवर बसणे हा न्यायच होय. परंतु जेथे सर्वच उमेदवार आपले असतात, तेथे ‘आपला माणूस’ ही कसोटी निवडीच्या कामी येत नाही. अशा वेळी जो उमेदवार निवडून आल्यावरही आपली सत्ता ग्रामसभेच्या अधीन ठेवण्यास वचनबद्ध असेल, त्याच्याच पाठीशी मतदाराने उभे राहावे, मग तो कोणत्याही कुळाचा, पाड्याचा वा पक्षाचा असो, असे माझे मत आहे.

हा आग्रह धरावा लागतो याचे कारण या मुलखाच्या इतिहासात आहे. काठीसारख्या मेवासी इस्टेटींचा हा प्रदेश. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ च्या सुमारास, येथील माणसाला मताचा हक्क मिळाला. पण पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानिकांचे मालकी हक्क संपुष्टात आणणारा विनियम निघण्यास १९६१ साल उजाडावे लागले, म्हणजे मतपेटीपुढे जो सार्वभौम नागरिक होता तोच शेताच्या बांधावर जवळजवळ एक दशक दुसऱ्याच्या मालकीखाली राहिला. पुढे शहाद्याच्या सपाटीवरही हाच अनुभव आला. राखीव मतदारसंघांतून आदिवासी प्रतिनिधी विधानसभेत जात होतेच. तथापि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा १९७४ चा कायदा, जो १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला, तो आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि १९७२ साली स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी रान पेटवल्यानंतरच आला, हे विसरता येत नाही. प्रतिनिधी जन्माने आपला असला तरी त्याला जाब विचारणारी संघटित जनता मागे नसेल, तर त्याची निष्ठा हळूहळू तिकीट देणाऱ्याकडे आणि ठेकेदाराकडे वळते.

अन्यायाचे ठाणे बहुधा दूरच्या राजधानीत नसून जवळच्या कचेरीत असते, याचा एक दाखला अमेरिकेतील आहे. मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर राबणारी फॅनी लू हॅमर ही कृष्णवर्णीय स्त्री १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तेव्हा तिला राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ लावण्याच्या परीक्षेत नापास ठरवण्यात आले आणि त्याच दिवशी मळ्यावरून हुसकावून लावण्यात आले. ही परीक्षा घेणारा कारकून स्थानिक निवडणुकीतूनच निवडला जाई. ज्यांना तो मत देऊ देत नसे, त्यांना त्याला पदावरून काढण्याचाही मार्ग नव्हता. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ही गाठ सुटू लागली आणि त्यानंतर तेथील कृष्णवर्णीयांनी स्थानिक पदे जिंकण्यावर एवढा भर का दिला, हे मोलगीच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे कायदा मतदाराच्या बाजूचा आहे. अडते ते अंमलबजावणीत. पेसाप्रमाणे गावाच्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी लागते, लाभार्थी तिनेच निवडायचे असतात आणि पैसा खर्च झाल्यावर विनियोगाचे प्रमाणपत्रही पंचायतीने तिच्याकडूनच घ्यायचे असते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी राज्य शासन थेट या ग्रामपंचायतींना देऊ लागल्याने तर या प्रमाणपत्राला विशेष अर्थ आला आहे. सभा भरवून, हिशेब मोठ्याने वाचून ते मागायचे, की शिपायाकरवी रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे गोळा करायचे, यावरून सरपंचाची खरी पारख होते. तीच गोष्ट पाड्यांची. डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्याला निम्म्याहून अधिक मतदारांच्या ठरावाने उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र गावाचा दर्जा मागता येतो, अशी सोय महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत आहे. असा दर्जा मिळाल्यास सरपंचाच्या हातातील अधिकार वाटला जातो. म्हणून उमेदवाराला रस्त्याविषयी आश्वासन मागण्यापेक्षा, आमच्या पाड्याने वेगळी ग्रामसभा मागितली तर तुम्ही आडवे याल काय, हे विचारणे मला अधिक मोलाचे वाटते.

पदाबरोबर पैसा आला की पदाचा बाजार मांडला जातो. जानेवारी २०२१ मध्ये नंदुरबार तालुक्यातील खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे आढळल्यावरून राज्य निवडणूक आयोगाने त्या दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. बोली लावून सरपंच झालेला माणूस कोणाचाही ऋणी उरत नाही, हाच त्यातील खरा अनर्थ.

सातपुड्यात या व्यवहाराला आणखी एक मूक रूप आहे. दिवाळीनंतर येथील कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात, आणि मतदान पुष्कळदा नेमके त्याच दिवसांत येते. नंदुरबार जिल्हा परिषदेचे मतदान ७ जानेवारी २०२० रोजी झाले होते. फडावरच्या मतदाराला आणण्यासाठी जो उमेदवार गाडी पाठवतो, त्याच्या उपकाराखाली ते मत अगोदरच गहाण पडते, आणि ज्याच्यापाशी गाडी नाही तो कितीही प्रामाणिक असला तरी त्याचे समर्थक परमुलखात उसाची मोळी बांधीत राहतात. तेव्हा समर्थन म्हणजे केवळ शिक्का मारणे, असे समजून चालणार नाही. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला सारे गाव परतते, त्या दिवसांत पाड्यापाड्यावर सभा घेऊन इच्छुकांना भिलीत किंवा पावरीत उत्तरे द्यायला लावावीत, ती वहीत उतरवून घ्यावीत, आणि थंडीतल्या मतदानासाठी येण्याजाण्याच्या भाड्याची वर्गणी मतदारांनी तेव्हाच आपसात काढून ठेवावी.