गळ्यातील पट्टा आणि धन्याचे वचन

पैनगंगेच्या उत्तरेस यवतमाळ आणि दक्षिणेस आदिलाबाद. राज्ये दोन, पण बोली, बाजार आणि सोयरिकी एकमेकींत मिसळलेल्या. टिपेश्वरच्या अभयारण्यातील वाघ हे पात्र ओलांडून आदिलाबादच्या रानांत उतरतात आणि छायाचित्रांवरून नेमके ओळखले जातात. कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. तीच नदी एखादे पाळीव कुत्रे ओलांडून गेले, तर ते मात्र पैलतीरी बेवारस ठरते. असे का व्हावे?

वाघाची ओळख त्याची स्वतःची असते. पाळीव प्राण्याच्या बाबतीत ‘हा कोण?’ याहून ‘याच्याविषयी उत्तर कोण देणार?’ हा प्रश्न महत्त्वाचा. म्हणून त्याच्या गळ्यातील पट्टा आणि बिल्ला वस्तुतः प्राण्याचे वर्णन करीत नाहीत. ते माणसाचे वचन बोलून दाखवितात.

खुणा दोन हेतूंनी केल्या जातात, हा भेद येथे ध्यानात घ्यावा. अकबराच्या कारकिर्दीत फौजेतील घोड्यांना डाग देत, तो सरदारांनी खजिन्याला फसवू नये म्हणून. घोड्याच्या हिताशी त्या डागाचा संबंध नव्हता. ती मालकीची आणि हिशेबाची खूण होती. कुत्र्यामांजरांना द्यावयाची खूण जबाबदारीची असावी, नाहीतर ती न दिलेलीच बरी.

या दृष्टीने साध्या पट्ट्यात एक उणीव आहे: तो सोडता येतो. कुत्रे म्हातारे झाले, बदलीचा हुकूम आला, की पट्टा काढून त्याला दूरच्या रस्त्यावर सोडणारे लोक आपल्या परिचयाचे आहेत. सबळ कारणावाचून जनावराला उपाशी-तान्हेले मरण्याच्या स्थितीत टाकून देणे हा १९६०च्या कायद्याने अपराध आहे. पण टाकणारा कोण हे सिद्ध होणार कसे? तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी क्रमांकाची चिप खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसविली, तर हे वचन सोडून ठेवता येत नाही. तथापि तो क्रमांक वाचण्यास यंत्र लागते, आणि नोंदीतील पत्ता जुना झाला की क्रमांक मुका होतो. म्हणून पट्ट्यावरचा दूरध्वनी क्रमांकही हवाच. मांजराचा पट्टा मात्र फांदीत अडकून ओढ बसताच सुटणारा असावा.

कोणी म्हणेल, मुक्या जिवाच्या अंगावर माणसाने आपली खूण का कोरावी? आक्षेप मोलाचा आहे. पण ज्याला आपण अन्नासाठी आपल्या दारावर अवलंबून ठेवले, त्याचे स्वातंत्र्य आपण आधीच घेतले आहे. त्यानंतर स्वातंत्र्याच्या नावाने खूण नाकारणे म्हणजे घेतलेल्याची पावती न देणे होय.

याहून गंभीर प्रश्न पुढचा आहे. ज्याच्यावर खूण नाही, त्याचे काय? १८३२ साली मुंबईत बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम निघाला आणि त्यावरून पारशी समाजाने उठाव केला. ज्याला धनी नाही त्याला जगण्याचा हक्क नाही, हे त्या हुकुमामागील गृहीतक होते. २०२३च्या नियमांनी वेगळी वाट धरली आहे: रस्त्यावरील कुत्र्याचे निर्बीजीकरण करावे, त्यास रेबीजची लस द्यावी, कानाला खूण करून जेथून आणले तेथेच सोडावे. येथे खूण धन्याची नव्हे, समाजाने पत्करलेल्या भाराची आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराने मागून येणाऱ्या कुत्र्याचा धनी कोण, हे विचारले नव्हते.

नोंद आणि जबाबदारी एक नव्हेत, हे या सीमाभागाला शिकविण्याची गरज नाही. २०१६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या केरामेरी भागात आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात अशी गावे आहेत, की ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि तेथील अनेकांजवळ दोन्हीकडची मतदार-ओळखपत्रे आहेत. कागद वाढला म्हणजे आस्था वाढते असे नाही. आपल्या कुत्र्यामांजरास खूण अवश्य करावी. परंतु ती करताना आपण त्याच्यावर हक्क नोंदवीत नसून, त्याचे आपल्यावरील ऋण मान्य करीत आहो, याचे भान असावे. आणि ज्याच्या गळ्यात काहीच नाही, त्याचे ऋण फिटले असे कोणी समजू नये.