जात सुधारली, तुम्ही कधी सुधारणार?

माना खाली घालू नका, वर बघा. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया ही सुधारित कोंबड्यांची नावे पाडाभर मिरवत पिल्ले आणलीत. आता निम्मी मेल्यावर म्हणता, "सर, जातच नाजूक निघाली." जात नाजूक नाही. तुमचा आळस दांडगा आहे.

गावठी पिल्लाला आईच्या पंखाखाली ऊब मिळते. तुमचे पिल्लू यंत्रात उबवलेले, त्याला आई नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. सातपुड्यातल्या डिसेंबरच्या थंडीत रात्री उठून पाहिलेत कधी? पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाली तर ती गारठली आहेत. ऊब देणाऱ्या दिव्यापासून लांब पळून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सारखी पसरून दाणे टिपत असतील, तरच ठीक. हे कळायला यंत्र लागत नाही, झोपमोड लागते.

लसीकरणाचे तेच. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, चौदाव्याच्या आसपास गंबोरोची, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या ते दहाव्यात मानमोडीचीच आर-टू-बी. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले, पाळले किती जणांनी? एकाने तर लशीची कुपी खिशात घालून भर उन्हात आणली. ती जिवंत विषाणूची लस, बर्फात ठेवूनच आणायची. म्हणे, "शंभर पक्ष्यांची कुपी, माझ्याकडे वीसच." मग पाड्यातली पाच घरे एका दिवशी एकत्र का येत नाहीत? लग्नाला येता ना?

आणखी एक शहाणपणा. सुधारित कोंबड्या आल्या म्हणून गावठी सगळ्या विकून टाकल्यात. सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, म्हणून तर वर्षाला शंभरावर अंडी देते. गावठी पन्नास-साठच देते, पण अंडी उबवते तीच. दोन गावठी माद्या घरात हव्यातच.

आता खरा अपराध ऐका. कोंबडी मलूल झाली, हिरवट हगू लागली की तुम्ही ती आठवडे बाजारात विकता. रोग डालग्यात भरून दुसऱ्याच्या खुराड्यात पोचवता! २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला. २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो पक्षी मारावे लागले. तरी आपल्याला शहाणपण येऊ नये? मर लागली की पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. मेलेला पक्षी नाल्यात टाकायचा नाही, कुत्र्यापुढे तर नाहीच. डॉक्टर सांगतील तसा चुना टाकून खोल पुरायचा.

आणि अंडी? सगळी बाजारात जातात, घरातले पोर कोरडी भाकर खाते. ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत येते, तिथे हे चालायचे नाही. आधी पोराच्या ताटात अंडे, उरलेली बाजारात.

पुढची पिल्ले मागायला याल तेव्हा बांधलेले खुराडे, लशीच्या तारखा आणि सोबत लस घेणाऱ्या पाच घरांची नावे घेऊन या. रिकाम्या हाताने येणाऱ्याला माझ्याकडून एक पिल्लू मिळणार नाही.