घरबसल्या समुद्र

सागरी भूभौतिकीच्या विद्यार्थ्याला जहाजावर पाठवायचे कशाला, असे कोणी विचारले तर ते हसण्यावारी नेऊ नये. जहाजाचा एकेक दिवस महाग, जागा मोजक्या, त्यातच अनेकांना सुरुवातीला बोट लागते. उलट उपग्रहांवरून काढलेले गुरुत्वाचे नकाशे आणि जुन्या मोहिमांच्या चुंबकीय नोंदी घरबसल्या फुकट उतरवून घेता येतात.

इतिहासही प्रथमदर्शनी याच बाजूने साक्ष देतो. मेरी थार्पने 1952च्या सुमारास अटलांटिकच्या मध्यरांगेतली खचदरी ओळखली ती लॅमाँट वेधशाळेत, टेबलाशी बसून. तिथल्या मोहिमांवर तेव्हा स्त्रियांना घेतच नसत. फ्रेड व्हाइन केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थी होता. ब्रिटिश नौदलाच्या ‘ओवेन’ जहाजाने 1962 मध्ये हिंदी महासागरात, कार्ल्सबर्ग रांगेवर घेतलेल्या चुंबकीय नोंदी त्याने संगणकावर तपासल्या आणि पुढच्याच वर्षी समुद्रतळाच्या विस्ताराला चुंबकीय आधार देणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्या नोंदी घेतल्या गेल्या तेव्हा तो जहाजावर नव्हता.

पण या दोघांच्या शेजारी कोण होते तेही पाहा. थार्पसोबत काम करणारा ब्रूस हीझन मोहिमांवर जाऊन खोलीच्या नोंदी आणत होता. व्हाइनचा सहलेखक ड्रमंड मॅथ्यूज स्वतः ‘ओवेन’च्या सर्वेक्षणात होता. एखादा आकडा खटकला तर विचारायला माणूस होता. आज उतरवून घेतलेल्या फाइलीसोबत तो माणूस येत नाही, आणि माझ्या मते जहाजावरच्या शिक्षणाची खरी गरज इथून सुरू होते.

ग्रॅव्हिमीटरचेच घ्या. जहाज पूर्वेकडे चालू लागले की त्याचा वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळतो, आणि उपकरणाला गुरुत्व कमी भासते; पश्चिमेकडे वळले की जास्त. पाठ्यपुस्तकात हा ओत्वश परिणाम अर्ध्या पानात आटोपतो. गोव्याच्या अक्षांशावर तो दर नॉटला सुमारे सव्वासात मिलिगॅल भरतो. म्हणजे 10 नॉटने पूर्वेला जाणारे जहाज त्याच रेषेवरून परत फिरले की वाचनात जवळजवळ 145 मिलिगॅलची उडी, आणि आपण शोधतो ती तळाखालच्या खडकांची खूण कित्येकदा वीस-तीस मिलिगॅलची! दुरुस्तीचे सूत्र सगळ्यांना येते. पण वळण चालू असताना उपकरण स्थिरावलेले नसते. तेवढ्या वेळच्या नोंदी टाकूनच द्याव्या लागतात. जीपीएसच्या नोंदीत वळण दिसते, कारण दिसत नाही. मध्यरात्री मच्छीमारांची जाळी चुकवायला जहाज बाजूला घेतले, हे पाळीवरच्या विद्यार्थ्याने लॉगबुकात लिहिले असेल तरच पुढे कळते. ते लिहिताना त्याला झोप आवरत नसते, हेही शिक्षणात मोजावे.

मॅग्नेटोमीटरची तऱ्हा वेगळी नाही. जहाज लोखंडाचे, म्हणून तो केबलने दोन-तीनशे मीटर मागे ओढायचा. शिवाय पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसभरात वरखाली होते. किनाऱ्याजवळ काम असेल तर तो फरक वजा करायला जमिनीवरच्या वेधशाळेची नोंद लागते. आपल्याकडे ती अलिबागला आहे.

युनेस्कोने 1991 मध्ये सुरू केलेल्या ‘तरंगत्या विद्यापीठा’ने नोंद घेणारा आणि तपासणारा एकच असावा, हा मुद्दा ओळखला होता. विद्यार्थी रशियन जहाजांवर खऱ्या मोहिमेत पाळ्या करत आणि मिळालेल्या नोंदी तिथेच तपासत. कादिझच्या आखातातले चिखलज्वालामुखी 1999 मध्ये अशाच मोहिमेत सापडले. डेक दाखवून, फोटो काढून परत आणणाऱ्या सहलीचा मात्र मला काडीचा उपयोग दिसत नाही. तिच्यापेक्षा फाइल उतरवून घेतलेली बरी.

दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. महाराष्ट्रातल्या भूशास्त्र विभागांना हे काही दूर नाही. मोहिमेत विद्यार्थ्याला जागा मिळाली तर त्याला चार-चार तासांची पूर्ण पाळी द्यावी, रात्रीचीसुद्धा. आणि गुण देताना परीक्षकाने रंगीत नकाशाच्या आधी त्याचे लॉगबुक मागवावे, खाडाखोडीसकट.